बाद झालेला फोटो

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी सोलापुरात विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात कॅमेरेवाले गवतात ओणवे झालेले दिसतात. ही फुलपाखरांच्या मागे लागलेली हौशी मंडळी. दुपारपर्यंत फोटो एकमेकांना जातात आणि चुरस लागते. आज किती जाती मिळाल्या? ‘ओपन विंग’, म्हणजे उघड्या पंखांचा फोटो, कोणाला मिळाला? ‘लायफर’, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात, कोणाला मिळाली? हेवा असलाच तर चहा संपेपर्यंतचा. २०२० पासून दर सप्टेंबरात देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ पाळला जाऊ लागला आणि या मोजामोजीला निमित्तही मिळालं. इथवर तक्रार नाही.

आता फोटोखालची ओळ वाचा. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, एफ ८, शटर, आयएसओ. फुलपाखराचं इंग्रजी नाव, त्यापुढे शास्त्रीय नाव. फुलपाखरू बसलंय त्या झाडाबद्दल मात्र अवाक्षर नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘रानटी काहीतरी होतं.’

पुष्कळदा ते रानटी काहीतरी म्हणजे रुई. सोलापुरात ती कोणाला लावावी लागत नाही. पडक्या भिंतीकडेला, रिकाम्या प्लॉटवर आपली आपण उगवते. शनिवारी मारुतीच्या गळ्यात तिच्या पानांची माळ पडते, एरवी तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. प्लेन टायगर या फुलपाखराची मादी मात्र तिलाच शोधत फिरते. पानावर टेकते, पोट वळवून पानाच्या मागच्या बाजूला नेते, एक अंडं चिकटवते आणि उडते. पुढे अळी तीच पानं खाते आणि चिकातलं विष अंगात साठवते. ते विष फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.

हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. फोटो मिळालाच तर पंख अर्धे मिटलेले, कडा हललेल्या, पोट वाकडं. घरी गेल्यावर सगळ्यात आधी हाच फोटो उडतो. स्पर्धेत गुण पंखांना आहेत. फुलपाखरू जगतं कशावर हे सांगणारा फोटो पहिल्याच फेरीत बाद.

याचं नुकसान दिसायला वेळ लागतो. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी दिसायला थेट प्लेन टायगरसारखी. स्वतः विषारी नसून त्या रंगावर निभावून नेते. मागच्या पंखावरचे ठिपके मोजत ‘ही ती, की ती’ यावर मंडळी रात्री अकरापर्यंत वाद घालतात. पण एकीच्या अळीला रुई लागते आणि दुसरीच्या अळीला घोळ, हे त्या वादात सहसा येत नाही. घोळ म्हणजे तीच, जिची आपण भाजी करतो. मग एखाद्या सकाळी रिकाम्या प्लॉटवर जेसीबी येतो. तासाभरात रुईही जाते, घोळही जाते. ‘जागा स्वच्छ झाली’ म्हणून शेजारी खूश. ठिपके मोजणाऱ्यांपैकीही कोणाला काही गेल्यासारखं वाटत नाही, कारण त्यांच्या यादीत ते झाड कधी आलंच नव्हतं. पुढच्या वर्षी आकडा घसरला, तर दोष पावसाला द्यायला मोकळे.

चुरस थांबवा असं कोणी म्हणणार नाही. पहाटे उठून उन्हातान्हात भटकायला ती हवीच. गुण देण्याची पद्धत तेवढी बदला. झाडाचं नाव नसेल तर फोटो बाद. उघड्या पंखांच्या फोटोला एक गुण, अळीच्या फोटोला तीन, अंड्याच्या फोटोला पाच. प्लेन टायगरचं अंडं टाचणीच्या डोक्याएवढं. ते टिपायचं तर मॅक्रो लेन्सचा खरा कस लागेल, म्हणजे कॅमेऱ्यावर घातलेले पैसेही वाया जाणार नाहीत.

त्यासाठी वनविहारापर्यंतही जायला नको. गल्लीच्या तोंडाशी, कचऱ्याच्या ढिगाला लागून रुई उभी असेल. आधी तिची पानं उलटून बघा.