नकाशाचें स्वामित्व कीं भूमीचें?

दुसऱ्याच्या श्रमाचें फळ चोरूं नये, हें तत्त्व कोण नाकारील? परंतु या निर्विवाद तत्त्वाच्या आडून एक अत्यंत विवाद्य मागणी वारंवार पुढें रेटली जाते. गांवें, रस्ते, नद्या यांचीं नांवें व अक्षांश-रेखांश ज्यानें मेहनतीनें गोळा केले, त्यास त्या माहितीवरही कॉपीराइट मिळाला पाहिजे, अशी ती मागणी. आम्हांस ती मान्य नाहीं.

नकाशाचें रेखाटन ही कृति आहे. काय दाखवावें, काय गाळावें, कोणती खूण वापरावी, यांत नकाशाकाराची बुद्धि दिसते. म्हणून आमच्या १९५७ च्या कायद्यानें नकाशास कलाकृतींत स्थान दिलें, तें योग्यच झालें. पण हिंगणघाट जेथें आहे तेथें तें कोणा नकाशाकारानें नेऊन ठेवलेलें नाहीं. त्यानें तें मोजलें, निर्माण केलें नाहीं.

याच हिंगणघाटास १८२३ सालीं कर्नल लॅम्बटन मरण पावला. दक्षिण हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी त्यानें १८०२ मध्यें आरंभिली; त्याचा थिओडोलाइट सुमारें अर्ध्या टनाचा. तो टेकड्यांवर चढविणारे खलाशी कोण होते? घाम हेंच स्वामित्वाचें प्रमाण असेल, तर पहिला वांटा त्यांचा! तशी सूचना मात्र आम्हीं श्रमाचे दाखले देणाऱ्या कोणाच्याही तोंडून ऐकली नाहीं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं फाइस्ट खटल्यांत हें घामाचें प्रमाण झिडकारलें. वाद टेलिफोनच्या यादीचा होता. नक्कल ओळखतां यावी म्हणून घातलेलीं चार बनावट नांवेंही प्रतिवादीच्या पुस्तकांत सांपडलीं, म्हणजे नक्कल उघडच होती. तरी नांव, गांव व नंबर वर्णानुक्रमें लावण्यांत प्रतिभेचा लवलेश नाहीं, असा निकाल झाला. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंही डिसेंबर २००७ मध्यें, न्यायनिर्णयांच्या संग्रहांविषयींच्या खटल्यांत, केवळ श्रम व भांडवल पुरेसें नाहीं असाच कौल दिला.

बनावट नोंदींची ही युक्ति नकाशावालेही करितात. न्यूयॉर्क राज्यांतील एका कच्च्या रस्त्यावर 'ॲग्लो' नांवाचें गांव एका कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत निव्वळ कल्पनेनें वसविलें. पुढें दुसरीच्या नकाशांत तें दिसतांच चोर सांपडला म्हणून पहिली हर्षली. पण तेथें त्या नांवाचें दुकान खरोखरच उभें राहिलें होतें. आणि दुकानदारानें नांव उचललें होतें नकाशावरून, असें सांगतात! कपोलकल्पित गांवही एकदां जमिनीवर उतरलें कीं कंपनीचें राहत नाहीं; मग खऱ्या गांवांची काय कथा?

मोबदला नसेल तर मोजणी करील कोण, हा आक्षेप पोकळ नाहीं. त्यासाठींच युरोपनें १९९६ सालीं माहितीच्या संग्रहांस कॉपीराइटहून निराळा, पंधरा वर्षांचा हक्क दिला. लोकांनीं स्वयंस्फूर्तीनें रचलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप'नेंही २०१२ मध्यें असे हक्क गृहीत धरणारा परवाना पत्करला, हें आमच्या प्रतिपक्षाच्या पदरीं टाकण्यास आम्ही तयार आहों. परंतु संग्रहांत भरीव गुंतवणुकीचा नवा बदल झाला कीं ती मुदत पुन्हां नव्यानें सुरू होते. रस्ते तर दरसाल बदलतात. मग तीं पंधरा वर्षें संपणार केव्हां?