गुडघ्याच्या दुखापतीनंतर सायकल? आधी पायडल पाहा

कबड्डीत किंवा पोलीस भरतीच्या सरावात गुडघा पिरगळला, लिगामेंट दुखावले, की काही आठवड्यांनी डॉक्टर सांगतात, ‘आता सायकल चालवा.’ सल्ला बरोबर आहे. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीटवर जातो, धावण्यासारखे धक्के बसत नाहीत आणि मांडीचे स्नायू पुन्हा कामाला लागतात. पण हा सल्ला मुळात दवाखान्यातल्या, जागेवरच फिरणाऱ्या सायकलचा असतो. चंद्रपूरला आणि आता गडचिरोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, तरी सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा तिथे कोण जाणार? मग घरातली रस्त्यावरचीच सायकल बाहेर निघते आणि गुडघ्याचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी पायडल आणि सीट ठरवतात.

हौशी सायकलस्वारांमध्ये हल्ली बूट अडकवून ठेवणाऱ्या पायडलची चलती आहे. त्यातून पाय सोडवायचा तर टाच झटक्याने बाहेर वळवावी लागते. बऱ्या होत असलेल्या गुडघ्याला नेमका हाच पीळ सोसत नाही. शिवाय मुरमाच्या जंगलवाटेवर चाक घसरले किंवा वळणावर रानडुक्कर आडवे आले, तर पाय क्षणात जमिनीवर हवा. म्हणून निदान बरे होईपर्यंत साधे सपाट पायडलच घ्यावे. त्याने थोडी ताकद वाया जाते म्हणतात; जाऊ द्या, आपल्याला शर्यत जिंकायची नाही.

सपाटमध्येही फरक आहे. तळव्याचा पुढचा रुंद भाग पूर्ण टेकेल एवढी रुंदी हवी. डोंगरी सायकलच्या काही पायडलांना लांब, टोकदार दाते असतात. ते बूट इतका घट्ट धरतात की पायाला हलायला जागाच उरत नाही. आखूड दात्यांचे बरे. आपल्याकडच्या काळ्या सायकलींचे रबरी पायडल कोरड्यात चालते, पण झिजल्यावर पावसात चप्पल सटकते. सगळ्यात वाईट म्हणजे दांडी वाकलेले पायडल. पाच किलोमीटरला साध्या सायकलवर सुमारे हजार फेऱ्या होतात, म्हणजे हजार वेळा गुडघा थोडा थोडा मुरडतो. पायडल हाताने फिरवून पाहा. डुलत असेल तर बदला. घरी बदलणार असाल तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

सीटची चूक तर घरोघरी. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती खाली ठेवली जाते आणि वाटीवरचा दाब वाढतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशच वाकलेला असावा. पूर्ण फेरीसाठी गुडघा ११० अंशांच्या आसपास वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल, तर रस्त्यावर जायची वेळ अजून आलेली नाही. डॉक्टरांनी रस्त्याला होकार दिल्यावरही एक पाय पायडलवर ठेवून, दुसऱ्याने ढकलत, उडी मारून चढण्याची आपली सवय सोडा. उभे राहून चढा आणि थांबताना चांगला पाय टेका.

मधला आडवा दांडा नसलेली सायकल अशा वेळी उत्तम, पाय उंच उचलून टाकावा लागत नाही. ती बहुतेक घरांत मुलीची असते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. वडील किंवा भाऊ ती सायकल सकाळी तासभर नेतात, पण सीट तिच्या उंचीचीच राहते. किंवा वर केलेली तशीच राहते आणि मुलगी शाळेपर्यंत टाचा उचलत पायडल मारते. सीटच्या नळीवर खिळ्याने दोन खुणा करून ठेवा, एक तिची, एक तुमची.