झाकून ठेवलेली गोळी

मधुमेहाची गोळी आपल्या घरांत जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी उघडपणे ठेवलेली असते. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली, तर नातवंडेही आठवण करून देतात. मनाच्या आजाराची गोळी मात्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली असते आणि तिची आठवण कोणी मोठ्याने करून देत नाही. या झाकून ठेवण्याकडे आपण लोकलज्जेचा प्रश्न म्हणून पाहतो. माझ्या मते तो औषधसुरक्षेचा प्रश्न आहे आणि म्हणूनच डॉक्टर व समाज या दोघांनीही त्याचा विचार केला पाहिजे.

इंदूरमध्ये आपला मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. रामबाग असो वा लोकमान्य नगर, माणूस आजोबांच्या नावाने ओळखला जातो. हा जिव्हाळा आपले बळ आहे; पण मनाचा आजार घरात शिरला की याच ओळखीचा धाक वाटू लागतो. औषध गल्लीतल्या दुकानातून न घेता दवा बाजारातून आणले जाते. फॅमिली डॉक्टरांनाही सांगितले जात नाही, कारण त्यांच्या दवाखान्यातील बाकावर शेजारच्या काकू बसलेल्या असतात. परिणामी एकाच रुग्णावर दोन डॉक्टर उपचार करतात आणि एकाला दुसऱ्याची वार्ता नसते.

यातून काय घडू शकते, हे लिथियमच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो हे दाखवून दिले. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात ते आजही एक भरवशाचे औषध आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्याचा गुणही त्यात आहे. मात्र त्याची उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. रक्तातील प्रमाण साधारणतः ०.६ ते १.० मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावे, ते १.५ च्या वर गेले की विषबाधेचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेऊन हे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते आणि मूत्रपिंड व थायरॉइड यांवरही लक्ष ठेवावे लागते.

आता असा रुग्ण गुडघेदुखीसाठी फॅमिली डॉक्टरांकडे जातो व लिथियमचा उल्लेख टाळतो. त्याला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिले जाते. रक्तदाबासाठी थायझाइड किंवा रामिप्रिलसारखे औषध सुरू होते. ही सर्व औषधे लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढवू शकतात. त्यात मे महिन्यातील उन्हाळा, जुलाब, हरतालिकेचा निर्जळी उपवास किंवा कोणाच्या सांगण्यावरून एकाएकी बंद केलेले मीठ यांची भर पडली, तर हातांची मोठी थरथर, उलट्या, झोक जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसू लागतात. घरचे म्हणतात, ‘ही औषधेच वाईट!’ वास्तविक दोष औषधाचा नसतो; ते घेतले जात आहे हे दुसऱ्या डॉक्टरांना ठाऊक नसण्याचा असतो. नैराश्यावरील अनेक औषधांबरोबर वेदनाशामक ट्रॅमाडॉल दिल्यासही असाच धोका संभवतो.

दुसरा धोका औषध एकाएकी सोडण्याचा. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोंडाला कोरड, मळमळ असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. हे आधी समजावले नाही, तर रुग्ण दहाव्या दिवशीच औषध सोडतो. जो टिकतो, तो बरे वाटू लागताच सोडतो. पहिल्या आजारातही पूर्ण बरे वाटल्यानंतर निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते आणि मग ते हळूहळू कमी करावे लागते. एकदम थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे हे त्रास होतात. लपून घेतले जाणारे औषध तर घरी पाहुणे आले, प्रवास निघाला, एवढ्या कारणानेही चुकते.

लग्नघर हे तर औषध सुटण्याचे हमखास ठिकाण. ‘सासरी कळायला नको’ म्हणून मुलीच्या गोळ्या लग्नाच्या आधीच बंद केल्या जातात. त्यात जागरणे, दगदग, उपवास. अपुरी झोप उन्मादाला निमंत्रण देते, हे आपण डॉक्टर जाणतो; घरच्यांनीही ते जाणले पाहिजे. वस्तुतः हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हा सरसकट विवाहाला अडथळा नाही. आजाराचे स्वरूप आणि तीव्रता पाहिली जाते. महत्त्वाची बाब लपवणे मात्र पुढे विवाह रद्द होण्याचे कारण ठरू शकते. लपवाछपवीने ना आजार आवरतो, ना संसार सावरतो.

याच्या उलट काही घरांत गोळी रुग्णापासूनच लपवली जाते. चहात किंवा आमटीत कालवून दिली जाते. त्यामागची अगतिकता मी समजू शकतो. तरीही हा मार्ग मला मान्य नाही. त्यात मात्रेचा भरवसा राहत नाही, त्रास झाल्यास रुग्णाला कारण सांगता येत नाही आणि एक दिवस उलगडा झाला की अन्नावरचा व माणसांवरचा विश्वास एकदमच उडतो. संशय हेच ज्याच्या आजाराचे लक्षण, त्याला आपण संशयाचे खरे कारण पुरवतो. रुग्ण नकार देत असेल, तर ते तज्ज्ञांना उघडपणे सांगावे. महिन्यातून एकदा द्यावयाच्या इंजेक्शनांसारखे पर्यायही काही आजारांत उपलब्ध आहेत.

माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ‘झोपेची, चिंतेची, मनाची काही औषधे चालू आहेत का?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला, बाकावरील माणसांच्या कानांआड, मधुमेहाच्या प्रश्नाइतक्याच सहजपणे विचारावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो आपल्या दवाखान्यात पाळला जातो असा लौकिक झाला, तरच खरे उत्तर मिळेल. दुसरे म्हणजे औषध का, किती दिवस आणि कसे थांबवायचे, या तीन ओळी सोप्या मराठीत लिहून द्याव्यात.

वाचकांना विनंती अशी की, सर्व औषधांची नावे व मात्रा लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या वेळी दोन घेऊ नयेत. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे आणू नये. तिची सवय लागते. गर्भधारणेचा विचार असेल, तर औषध परस्पर बंद न करता आधी सल्ला घ्यावा, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे बदलावी लागतात. तातडीने कोणाशी बोलावेसे वाटले, तर शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

गावभर डांगोरा पिटा, असे मी म्हणत नाही. घरातील एक समंजस माणूस, फॅमिली डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ या तिघांना ठाऊक असले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. तेवढ्यासाठी ती गोळी साड्यांच्या घडीखालून काढून रक्तदाबाच्या गोळीशेजारी ठेवण्याचे धैर्य आपण दाखवावे.