जितकी नाणी तितकी मते : कोडच्या राज्यात आपण कुठे?

गेल्या आठवड्यात धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या बाजूला चहाच्या टपरीवर आम्ही चार-पाच कार्यकर्ते उभे होतो. अभ्यासिकेतून आलेली काही पोरंही होती. त्यातला इंजिनीअरिंगचा एक मुलगा म्हणाला, "भाऊ, बाबासाहेब आज असते तर बिटकॉइनच्या बाजूने असते. सरकारने मनाला येईल तसा पैसा काढू नये, हेच त्यांनी 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये लिहिलं आहे. आणि उद्या राज्यकारभारच कोडवर चालला तर बरंच आहे की. कोड काही जात विचारत नाही." चहा संपेपर्यंत उत्तर देऊन मोकळे व्हावे असा हा मुद्दा नव्हता, म्हणून इथे लिहीत आहोत.

मुलगा अर्धा बरोबर आहे, हे आधी मान्य करू. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात बाबासाहेबांनी सुवर्ण विनिमय पद्धतीवर हल्ला चढवला. केन्ससारखा अर्थतज्ज्ञ त्या पद्धतीच्या बाजूने होता, तरी बाबासाहेब डगमगले नाहीत. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्याला पक्की मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे हिल्टन यंग कमिशनपुढेही त्यांनी टांकसाळीतून नवे रुपये पाडणे बंद करा, असेच सांगितले. बिटकॉइनची मर्यादा २ कोटी १० लाख नाण्यांची आहे आणि ती कोडमध्येच लिहिलेली आहे. साम्य दिसते, नाकारण्यात अर्थ नाही.

पण बाबासाहेबांना ही मर्यादा कशासाठी हवी होती? वस्तूंच्या किमती स्थिर राहाव्यात म्हणून. रुपया घसरला की महागाई वाढते, मजुरी तिच्या मागे धावत राहते, आणि मधला फायदा व्यापारी-कारखानदारांच्या खिशात जातो, हे त्यांनी मांडले होते. त्यांच्या हिशोबाच्या मध्यभागी मजुरीवर जगणारा माणूस होता. आता बिटकॉइन बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका नाण्याचा भाव सुमारे ६९ हजार डॉलर, आणि वर्षभरात १६ हजारांच्याही खाली. अशा नाण्यात कामठी रोडवरच्या बांधकाम मजुराने मजुरी घ्यायची का? बाबासाहेबांचे नाव बिटकॉइनला लावण्याआधी ग्रंथ वाचावा, मुखपृष्ठाचा फोटो फॉरवर्ड करून भागत नाही.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही, नागपूरकरांना ती माहीत आहे. मार्च २०२२ मध्ये क्रिप्टोच्या नावाने सुमारे ४० कोटींना गंडवल्याच्या प्रकरणात नागपूर पोलिसांनी लोणावळ्यातून टोळी पकडून आणली. पुण्यात गुन्हे दाखल झालेल्या 'गेनबिटकॉइन'मध्ये दरमहा १० टक्के, तेही १८ महिने देण्याचे आमिष होते. अशा योजना ओळखीच्या माणसामार्फतच घरात शिरतात. आपल्या वस्त्यांत 'जयभीम' म्हणूनच शिरतात, एवढे लक्षात ठेवावे.

मोठा धोका मात्र दुसरीकडे आहे. क्रिप्टोवाले म्हणतात, नियम कोडमध्ये लिहा, मग मंत्री नको, बाबू नको, न्यायाधीश नको. २०१६ मध्ये इथेरियमवर 'द डीएओ' नावाची अशी संस्था उभी राहिली. संचालक मंडळ नाही, सगळे कोडवर. जूनमध्ये एकाने कोडमधल्या चुकीचा फायदा घेत ३६ लाख इथर बाजूला काढले. कोड हाच कायदा असेल तर त्याने कायदा मोडलाच नव्हता. मग काय झाले? जुलैमध्ये माणसांनीच बसून साखळीचा इतिहास बदलला आणि पैसे परत फिरवले. ज्यांना हे पटले नाही ते जुन्या साखळीवर राहिले, ती आज इथेरियम क्लासिक म्हणून ओळखली जाते. म्हणजे राज्यकर्ते होतेच. फक्त त्यांना कोणी निवडून दिले नव्हते.

आणि अशा संस्थांत मतदान कसे होते? सर्वसाधारण रीत अशी की जितकी टोकन तितकी मते. सप्टेंबर २०२२ पासून इथेरियमची साखळी चालवण्यात भाग घ्यायचा तर ३२ इथर गहाण ठेवावे लागतात. ज्याच्याजवळ जास्त, त्याचे वजन जास्त. मित्रांनो, ही पद्धत आपल्याला नवी नाही. १९१९ च्या कायद्यात मालमत्ता आणि कर बघून मताचा हक्क मिळत होता. त्याच वर्षी साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी केली. सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाच्या कलम ३२६ ने तो दिला. बिनजमिनीच्या, निरक्षर बाईचे मत आणि मालगुजाराचे मत सारखे झाले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विसंगतीचा संसार फार काळ टिकणार नाही. त्यांना आर्थिक विषमता मिटवून विसंगती संपवायची होती. टोकनशाही ती उलट बाजूने संपवते, राजकीय समताच काढून टाकते.

आता "कोड जात विचारत नाही" याबद्दल. मार्च २०२२ मध्येच आपल्या विदर्भात, गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात ६५ हजार जात प्रमाणपत्रे पॉलिगॉन ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम जाहीर झाले. ब्लॉकचेनचा हा गाजलेला सरकारी प्रयोग आणि त्यात नोंदले काय, तर जात! आमचा त्याला विरोध नाही. बोगस प्रमाणपत्रांनी आदिवासींच्या आणि आपल्या किती जागा लाटल्या हे आपण जाणतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही असे बजावले, तरी लढा संपलेला नाही. क्यूआर कोडने बनावट छापील कागद पकडता येईल, चांगलेच आहे. पण साहेबाच्या सहीनेच चुकीचा दाखला निघाला तर? साखळी तोही तितक्याच इमानाने जपेल. नागपुरात हलबा-कोष्टींचा वाद किती वर्षे चालला? हलबा कोष्टी अनुसूचित जमातीत येतात का, हे २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला ठरवावे लागले. असा प्रश्न कोणताही कोड सोडवू शकत नाही. तो कोडच्या बाहेर सुटतो आणि मग आत लिहिला जातो.

जमिनीचेही तेच. तलाठ्याला सातबारा फिरवता येऊ नये, ही आमचीही इच्छा आहे. पण महार वतनाच्या जमिनी घ्या. १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर त्या शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत, तरी कुठे दमदाटीने, कुठे चार पैशांत त्या गेल्याच. आज ज्याचे नाव चढले आहे तेच उद्या न पुसता येणाऱ्या वहीत टाकले, तर लुटीला कायमचे कुलूप लागेल. वही न बदलण्याचा फायदा कोणाला, हे ती कोणत्या दिवशी बंद केली यावर ठरते.

आणखी एक प्रश्न आम्ही त्या मुलाला विचारला. हिवाळी अधिवेशनात याच यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलीस अडवतात, पण एखादा मंत्री निवेदन घ्यायला येतो, निदान न येण्याबद्दल शिव्या तरी खातो. शिष्यवृत्तीचा अर्ज वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीसाठी पोर्टलवर अडकतो, तेव्हा खिडकीवरचा कारकून "सिस्टिम घेत नाही" म्हणतो. आज निदान कारकून आहे. तोही गेला तर मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा?

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, कोड आपल्या पोरांनी लिहिला तर?" खरे सांगायचे तर याचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नव्हते. आम्ही त्याला एवढेच म्हटले की येत्या रविवारी अभ्यासिकेत ये आणि असा एखादा कोड आम्हाला ओळीओळीने समजावून सांग. आमच्यापैकी एकालाही तो वाचता येत नाही. येतो म्हणाला आहे.