मागच्या शॉकअपचा हिशेब

दोन लाख रुपयांच्या घरातली, जिला इंजिन नाही, दिवा नाही आणि जिच्यावर मागे दुसऱ्या माणसाला बसवताही येत नाही, अशी सायकल एखादा साठीकडे झुकलेला गृहस्थ घेऊ पाहत आहे, ही वार्ता नगर शहराच्या नागापूरसारख्या कारखानदारीच्या उपनगरात पसरली की प्रथम त्याच्या प्रकृतीची आणि मागाहून त्याच्या अकलेची चौकशी सुरू होते. चौकशी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. तेवढ्या रकमेत दोन बऱ्यापैकी मोटारसायकली दारात उभ्या राहतात, हा त्यांचा युक्तिवाद अंकगणिताच्या दृष्टीने बिनतोड आहे. परंतु मोटारसायकल लाखांच्या संख्येने निघते आणि तिचा लहानातला लहान भागही तालुक्याच्या गावी मिळतो, उलट पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली डोंगरी सायकल थोड्या संख्येने आणि बव्हंशी परदेशी भागांवर तयार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे किमतीचे गूढ पुष्कळसे उकलते. त्यात २०१२ च्या अर्थसंकल्पाने आयात सायकलींवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो सरकारचा दिलासा.

माझी तक्रार किमतीविषयी नाहीच. पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर बाजारात पाऊल टाकणाऱ्या माणसाला जी गोष्ट प्रथम खटकते ती ही, की पंधरा हजारांची सायकल आणि दोन लाखांची सायकल या दोहोंच्या मागच्या अंगाला स्प्रिंगसारखे काहीतरी दिसते, दोहोंनाही दुकानदार एकाच नावाने संबोधतो, आणि त्या दोन वस्तूंत केवळ किमतीचा नव्हे तर जातीचा भेद आहे हे ग्राहकाला सांगण्याची जबाबदारी कोणाच्याही शिरावर नाही.

या वाहनाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण तो आजच्या निवडीला उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही हौशी तरुणांनी जुन्यापुराण्या, अवजड सायकली डोंगरावर चढवून कच्च्या वाटेने भरधाव खाली सोडण्याचा उद्योग आरंभला आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्याला रीतसर शर्यतीचे स्वरूप आले. पुढच्या वर्षी जो ब्रीझ याने या कामासाठी खास सांगाडा बांधला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने स्टम्पजंपर ही सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. या सर्व काळात शॉकअप नावाची चीज तिच्या ना पुढे होती ना मागे. पुढच्या चिमट्यातला शॉकअप रॉकशॉक्सने १९८९ च्या सुमारास विक्रीस काढला. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी शर्यतीला प्रथम स्थान मिळाले. आणि त्यानंतरही कित्येक वर्षे त्या शर्यतीचे अव्वल स्वार मागे ताठ असलेल्या, म्हणजे हार्डटेल सायकलींवरच भिस्त ठेवून होते. २०१६ मध्ये रिओ येथे स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलीवर सुवर्णपदक जिंकला, तेव्हा कोठे जुन्या मंडळींच्या मनातील किंतु फिटला. ज्या अवयवाला जगातील निष्णात स्वारांनी इतकी वर्षे उमेदवारी करावयास लावली, तो आपल्याकडे पंधरा हजारांत सहजासहजी मिळत असेल, तर तो अवयव तोच आहे काय, अशी शंका घेण्यास हरकत नसावी.

आता भूमीचा विचार. नागापूरहून मनमाड रस्त्याने निघाले की उसाच्या ट्रॉल्यांची आणि कंटेनरची वाहतूक विळद घाटापर्यंत जीव मुठीत धरावयास लावते. म्हणून सुज्ञ सायकलस्वार शेंडीकडून पिंपळगाव माळवीच्या तलावावरून डोंगरगणची वाट धरतो. तेथून मांजरसुंब्याच्या गडाखालचा आणि पुढे वांबोरीकडे उतरणारा जो मुलूख आहे, तो दख्खनच्या काळ्या पाषाणाचा नमुनाच म्हणावा: वर वीतभर मुरूम, खाली अखंड कातळ, आणि या दोहोंच्या मध्ये पायाखालून सरकणारे मुठीएवढे सुटे दगड. उंच कडे नाहीत, घनदाट अरण्य नाही, मुळांनी विणलेल्या ओलसर वाटा नाहीत. दुसऱ्या अंगाला पाथर्डी रस्त्यावर, लोक ज्याला चांदबीबीचा महाल म्हणतात त्या सलाबतखानाच्या कबरीचा डोंगर आहे. त्याच्या उतारावरही हाच मुरूम आणि हेच दगड. पावसाळ्यात शेतवाटांची काळी माती चाकांना अशी बिलगते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि पाऊस सरून माळ वाळला म्हणजे सराट्यांचे राज्य सुरू होते. त्या काट्याची रचनाच अशी, की तो जमिनीवर कसाही पडला तरी त्याचे एक टोक आभाळाकडे रोखलेले असते. वेड्या बाभळीचा काटा निदान दिसतो, सराटा दिसतही नाही. टायरातली ट्यूब काढून टाकून आत घट्ट होणारा पांढरा द्रव भरण्याची जी नवी रीत आली आहे, ती मागच्या शॉकअपपेक्षा नगरच्या स्वाराला शतपटीने अधिक उपकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. काटा उपसताच टायरावर दुधाळ फेसाचा एक ठिपका उमटतो, चाक दोन-चार फेरे फिरते, आणि छिद्र बंद.

हाच न्याय इतर सुधारणांना लावावा. वर्षानुवर्षे जुनी सायकल वापरून जो नवी पाहावयास जातो, त्याचे डोळे स्वाभाविकपणेच मागच्या शॉकअपवर खिळतात, कारण तो दिसतो. परंतु दरम्यानच्या काळात जे बदल झाले त्यांतील खरे मोलाचे बदल चटकन नजरेत भरत नाहीत. २६ इंची चाकाची जागा २९ इंची चाकाने घेतली, त्यामुळे मुठीएवढ्या दगडावरून चाक अडखळण्याऐवजी ओलांडून जाऊ लागले. पुढचा चिमटा पूर्वी जमिनीशी ७०-७१ अंशांचा कोन करी, तो आता ६५-६६ अंशांवर आला, म्हणजे पुढचे चाक स्वारापासून अधिक पुढे गेले आणि तीव्र उतारावर डोक्यावरून पालथे पडण्याची भीती पुष्कळ ओसरली. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला एका बोटाची ताकद पुरते. ज्यांनी जुन्या रबरी ब्रेकांवर, बोटे आखडेपर्यंत मुठी आवळून वांबोरीचा घाट उतरला आहे, त्यांना याची थोरवी निराळी सांगावयास नको. आणि हँडलवरील खटका दाबताच खोगीर खाली जाण्याची जी सोय निघाली आहे, ती तर माझ्या वयाच्या माणसाला वरदानच. हे सारे हार्डटेल सायकलीतही मिळते आणि बरेच कमी पैशांत मिळते.

मग मागचा शॉकअप हवाच कशाला? या प्रश्नाचे उत्तर देण्यास नगरइतके योग्य शहर महाराष्ट्रात विरळाच. वाहननगरच्या व्ही.आर.डी.ई. या संरक्षण संशोधन संस्थेत लष्करी वाहनांची परीक्षा घेण्यासाठी खास चाचणी-मार्ग आहेत. १९७२ मध्ये बाजारात आलेली लुना ज्या कायनेटिक इंजिनिअरिंगची, तिचा कारखाना याच नगरातला. आणि नागापूरच्या वसाहतीत वाहनांचे सुटे भाग घडवण्यात ज्यांची उमर गेली असे कारागीर गल्लोगल्ली आहेत. यांपैकी कोणालाही विचारा, तो सांगेल की स्प्रिंग हे अर्धे काम झाले. स्प्रिंग धक्का गिळते आणि लगेच परत फेकते. तो परत येणारा धक्का बारीक छिद्रांतून तेल दाबून, त्याची उष्णता करून जिरवणारी यंत्रणा सोबत नसेल, तर सायकलीचे मागचे अंग माजघरातल्या झोपाळ्यासारखे आपल्या लयीत हलत राहणार. पंधरा हजारांच्या सायकलीत बहुधा ही दुसरी यंत्रणा नसतेच. तिची परीक्षा दुकानाच्या फरशीवरच करता येते. खोगीर दोन्ही हातांनी जोराने दाबून एकदम सोडावे: मागचे अंग दोन-तीनदा वर-खाली उसळले तर समजावे की आत नुसती स्प्रिंग आहे, संथपणे एकदाच वर येऊन थांबले तर आत तेल काम करीत आहे. मग खोगीर धरून सायकल किंचित उचलावी आणि सोडावी. सांध्यात टकटक लागली तर बुश सैल आहे, मग सायकल नवी असो वा जुनी. असल्या नकली दुहेरी शॉकअपची सायकल वजनाला वीस किलोच्या आसपास भरते, चढावर प्रत्येक पेडलागणिक स्वाराची ताकद खाते, आणि उतारावर ज्या क्षणी आधार हवा त्याच क्षणी उसळी मारते. ज्याच्यापाशी पंधरा-वीस हजारच आहेत, त्याने मागे ताठ आणि बऱ्या ब्रेकची सायकल घ्यावी. दुकानदार दुसरे काही गळ्यात मारू लागला तर पायऱ्या उतराव्या.

खऱ्या शॉकअपचा लाभ उडी मारण्यात जेवढा आहे, त्याहून अधिक चिकटून राहण्यात आहे. सुट्या दगडांवर मागचे चाक हवेत न उडता जमीन धरून राहते, म्हणून चढावर पकड सुटत नाही, उतारावर ब्रेक लागतो आणि कमरेच्या मणक्यांना कमी कैफियत द्यावी लागते. यासाठी चाकाला वर-खाली सरकण्यास १२० मिलिमीटरांची मुभा पुष्कळ झाली. १६०-१७० मिलिमीटरांच्या ज्या सायकली आल्प्सच्या कड्यांसाठी घडवल्या जातात, त्या डोंगरगणच्या माळावर आणणे म्हणजे वजन आणि खर्च विनाकारण वाहणे होय. अकोल्याच्या सह्याद्रीत भंडारदरा-हरिश्चंद्रगडाच्या बाजूला जे जातील त्यांची गोष्ट किंचित वेगळी. तरी त्यांनाही मी १४० च्या पुढे जाऊ देणार नाही.

येथवर सर्व सुरळीत आहे. घोडे अडते ते देखभालीपाशी. मागचे चाक १२० मिलिमीटर सरकते तेव्हा शॉकअपचा दांडा जेमतेम ४५ मिलिमीटर आत जातो, म्हणजे चाकावर पडणाऱ्या भाराच्या अडीच पटींहून अधिक भार त्या अंगठ्याहून थोड्या जाड दांड्यावर आणि त्याच्या रबरी सीलवर येतो. आणि मुरमाची बारीक धूळ हा त्या सीलचा वैरी. रॉकशॉक्सच्या अनेक पुस्तिकांत ५० तासांच्या वापरानंतर साधी साफसफाई आणि २०० तासांनंतर संपूर्ण खोलून दुरुस्ती सांगितली आहे. दर रविवारी तीन तास सायकल चालवणाऱ्याला पहिली वेळ चार महिन्यांत येते. या खर्चाची तजवीज ज्याने केली नाही, त्याने ही सायकल घेऊच नये.

परंतु येथे नागापूरकराला एक फायदा आहे, आणि विक्रेते तो कधी सांगत नाहीत. मागच्या त्रिकोणाच्या सांध्यांत जी बेअरिंगे असतात ती बहुतेक प्रमाणित मापांची असतात. ६९०२ किंवा ६८०२ असा आकडा त्यांच्या कडेवरच कोरलेला असतो, आणि कारखान्यांना माल पुरवणाऱ्या बेअरिंगच्या दुकानात तो आकडा सांगितला की काम होते. शॉकअपच्या डोळ्यात बसणारा बुश लेथवर वळवून देणारा मिस्त्री या वसाहतीत शोधावा लागत नाही. सील आणि आतल्या हवेच्या कप्प्याचे भाग मात्र ज्या त्या कंपनीचेच लागतात. सबब माझी निवडीची कसोटी अशी ठरली आहे, की ज्या सायकलीच्या पुस्तिकेत प्रत्येक बेअरिंगचे माप छापलेले आहे, सांधे थोडे आहेत, आणि शॉकअप सर्वत्र वापरात असलेल्या मापाचा व नावाजलेल्या बनावटीचा आहे, ती घ्यावी; जिचा शॉकअप केवळ त्याच सांगाड्यासाठी खास घडवलेला आहे, ती कितीही देखणी असली तरी सोडावी. कार्बनच्या सांगाड्याचा मोह मी टाळला. दगड उडून लागला तर ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनमधील इजा वरून दिसेलच असे नाही.

आणि सरकारदरबारी तसेच विक्रेत्यांच्या संघटनांकडे एक मागणी. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेच्या एफ २०४३ या प्रमाणकान्वये सायकलींचे वापरानुसार वर्ग पाडलेले आहेत: पहिला वर्ग केवळ डांबरी रस्त्यासाठी, दुसरा कच्च्या रस्त्यासाठी, तिसरा खडबडीत वाटा आणि सुमारे ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी, चौथा त्याच्या दुप्पट उंचीसाठी, आणि पाचवा त्याहूनही बिकट वापरासाठी. नामांकित कंपन्या हा वर्ग सांगाड्यावर किंवा पुस्तिकेत छापतात, पण इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत की भिंग घेऊन बसावे. हा वर्ग आपल्याकडे विक्रीच्या पावतीवर, मराठीत आणि ठळक अक्षरांत नोंदवण्याची सक्ती करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाविषयी खोटी समजूत करून देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे; पावतीवर वर्ग लिहिला गेला म्हणजे, डोंगरी म्हणून विकलेली सायकल मुळात डांबरी रस्त्यापुरतीच होती, हे सिद्ध करण्यास ग्राहकाला लेखी पुरावा मिळेल. हा प्रश्न मूठभर हौशी श्रीमंतांचा आहे असे म्हणून कोणी तो उडवून लावू नये. याच जिल्ह्यातील संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने डोंगरी सायकलिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर पदके मिळवली आहेत, आणि तिचे पाहून ज्या मुली आईबापांपाशी सायकलीचा हट्ट धरतील त्यांचे आईबाप पंधरा हजारांच्याच दुकानात जाणार आहेत.

पावतीवर आणखी एक ओळ मला हवी आहे: या सायकलीच्या शॉकअपचे सील आणि सुटे भाग विक्रेता किती वर्षे आणि किती दिवसांच्या मुदतीत पुरवील. एका दुकानदाराने या मागणीवर मला चहा पाजला आणि विषय बदलला. दुसऱ्याने पाच वर्षांचा शेरा सहीशिक्क्यानिशी लिहून दिला आणि वर असेही सांगितले की दुरुस्तीसाठी सबंध सायकल पुण्याला नेण्याचे कारण नाही, दोन बोल्ट काढले की शॉकअप हाती येतो, तेवढाच डब्यात घालून पाठवावा. बयाणा मी त्या दुसऱ्याला दिला आहे.