विश्लेषण : १७ रुपयांची वीज वाचवताना कॉम्प्रेसर का जातो? क्रँककेस हीटर एवढा महत्त्वाचा का?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळपासून खटाव-माणपर्यंत द्राक्षांचा मुख्य हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असा चालतो. या काळात पॅकहाऊसमधील प्रीकूलिंगच्या यंत्रांना उसंत नसते. उरलेले सात-आठ महिने मात्र बहुतेक यंत्रे बंद असतात. तेव्हा वीजबिल नको म्हणून मेन स्विचच खाली ओढला जातो. मग हंगामाच्या तोंडावर, एखाद्या गार सकाळी, तो वर करून लगेच बटण दाबले जाते. कॉम्प्रेसर दोन-चार ठोके देतो, खडखडतो आणि थांबतो. दोष व्होल्टेजला, कंपनीला किंवा मेकॅनिकला दिला जातो. अनेकदा खरे कारण असते कॉम्प्रेसरच्या तळाशी बसवलेला, ६०-७० वॉटचा आणि कोणाच्याही खिजगणतीत नसलेला क्रँककेस हीटर.

बंद यंत्रात गॅस कुठे जातो?

कॉम्प्रेसरच्या तळाच्या भागाला क्रँककेस म्हणतात. बेअरिंग आणि फिरणाऱ्या भागांना लागणारे तेल तिथे साठते. यंत्र चालू असताना शीतकरणाचा गॅस कॉइल, पाइप आणि कॉम्प्रेसर असा फिरत असतो. यंत्र थांबले की तो स्वस्थ बसत नाही. जिथे सर्वात जास्त गारवा, तिथे तो हळूहळू जमा होतो आणि द्रवरूप होतो.

बंद काळात अशी जागा बहुधा कॉम्प्रेसर हीच असते. पफ पॅनेलच्या जाड भिंतींमुळे बंद खोलीच्या आत तापमान फारसे उतरत नाही. कॉम्प्रेसर मात्र बाहेर पत्र्याच्या शेडखाली असतो. पहाटे पारा घसरला की त्याचे लोखंड आधी गार पडते आणि खोलीतल्या कॉइलमधला गॅस तिकडे सरकतो. शिवाय तेल आणि बहुतेक फ्रीऑन गटातील गॅस एकमेकांत सहज मिसळतात. त्यामुळे तापमानात फरक नसला तरी तेल गॅसला ओढून घेतच राहते.

बटण दाबताच काय घडते?

गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू फसफसून वर येतो. कॉम्प्रेसरमध्ये तेच घडते. तो सुरू होताच क्रँककेसमधला दाब एकदम उतरतो, तेलात विरघळलेला गॅस उकळू लागतो आणि सगळ्या तेलाचा फेस होतो. हा फेस पाइपात ओढला जातो आणि तेल ज्या बेअरिंगसाठी होते, ती कोरडी राहतात. जे तेल उरते, तेही रॉकेल मिसळल्यासारखे पातळ झालेले असते.

दुसरा धोका त्याहून मोठा. कॉम्प्रेसर हा वायू दाबण्यासाठी असतो. द्रव दाबला जात नाही. पिस्टनसमोर द्रव आला तर व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. एका झटक्यात काही झाले नाही, तरी अशा प्रत्येक सुरुवातीला बेअरिंग थोडे थोडे झिजते. म्हणूनच वर्षभर ठीक चाललेले यंत्र एके दिवशी ‘अचानक’ गेले असे वाटते.

हीटर नेमके काय करतो?

काम साधे आहे. कॉम्प्रेसर बंद असताना तेल भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १० अंशांनी किंवा त्याहून थोडे अधिक उबदार ठेवायचे. उबदार तेलात गॅस टिकत नाही, तो बाहेर पडतो. काही हीटर कॉम्प्रेसरच्या बुडाशी पट्ट्यासारखे गुंडाळलेले असतात, तर काही क्रँककेसच्या खाचेत आत बसवलेले असतात. नीट जोडणी असेल तर कॉम्प्रेसर सुरू होताच हीटर बंद होतो आणि कॉम्प्रेसर थांबला की पुन्हा सुरू होतो.

अडचण इथेच आहे. हीटरची गरज यंत्र बंद असताना असते आणि अनेक ठिकाणी त्याला वीज मिळते ती यंत्राच्याच मेन स्विचमधून. स्विच ओढला की बिलाबरोबर हीटरही बंद होतो.

सातारा-सांगलीत धोका कुठे?

द्राक्षांच्या प्रीकूलिंगबाबत तो सरळ दिसतो, कारण सर्वाधिक काळ बंद राहिलेले यंत्र वर्षातल्या सर्वात गार दिवसांत सुरू होते.

दुसरी जागा गावोगावची दूध संकलन केंद्रे. धारेचे कोमट दूध बल्क कूलरमध्ये ४ अंशांपर्यंत थंड करतात. टँकर दूध घेऊन गेला की टाकी गरम पाण्याने धुतात. म्हणजे टाकीची कॉइल गरम आणि बाहेरचा कॉम्प्रेसर गार. गॅसने कॉम्प्रेसरकडे सरकावे, याला एवढे पुरेसे असते. अशा वेळी ‘आता काम नाही’ म्हणून मेन स्विच बंद केला, तर पुढच्या पाळीच्या दुधाला यंत्र दगा देऊ शकते. टाकी २००० लिटरची आणि दर लिटरला ३० रुपये धरला, तर एका रात्रीत ६० हजार रुपयांच्या दुधाचा प्रश्न उभा राहतो. दहा दिवसांच्या बिलावर घर चालवणाऱ्यांसाठी ही रक्कम लहान नाही.

तिसरी जागा महाबळेश्वर-पाचगणी. वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या काही हिवाळ्यांत येतात. तिथली हॉटेले आणि स्ट्रॉबेरीची शीतगृहे यांची बाहेरची यंत्रे हीच थंडी सोसतात.

दोन अपवाद सांगायलाच हवेत. मोठी शीतगृहे अनेकदा अमोनियावर चालतात. अमोनिया नेहमीच्या खनिज तेलात फारसा विरघळत नाही, त्यामुळे तिथे फेसाचा प्रश्न तुलनेने कमी असतो. घरातल्या दीड टनाच्या एसीत गॅसच थोडा असतो. शिवाय आपल्याकडे तो उन्हाळ्यात चालतो. अशा एसीला वेगळा हीटर लावून घेण्याची गरज सहसा पडत नाही.

मग हीटरचे बिल किती?

७० वॉटचा हीटर २४ तास चालला तर १.६८ युनिट वीज लागते. युनिटचा दर १० रुपये धरला तर दिवसाला सुमारे १७ रुपये आणि महिन्याला ५०० रुपये. आठ महिन्यांचे चार हजार होतात. केंद्रात चार-सहा कॉम्प्रेसर असतील तर आकडा डोळ्यांत भरतो. मेन स्विच ओढणाऱ्याचा हिशेब अगदीच चुकीचा नाही.

युरोपीय संघानेही हा खर्च खरा मानला आहे. १२ किलोवॉटपर्यंतच्या एसींसाठी २०१२ मध्ये केलेल्या नियमांत वर्षभराची कार्यक्षमता मोजताना क्रँककेस हीटरची वीजही धरली जाते. म्हणूनच गरज असेल तेव्हाच चालणारे, थर्मोस्टॅट लावलेले हीटर आले.

पण आपल्याकडच्या हंगामी यंत्रांना आठ महिने हीटर चालू ठेवण्याची गरजच नाही. हंगाम संपताना मेकॅनिककडून ‘पंप डाउन’ करून घ्यावे, म्हणजे सगळा गॅस रिसीव्हरमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करावेत. मग मेन स्विच खुशाल ओढावा. पुन्हा सुरू करताना मात्र आधी फक्त हीटरला वीज द्यावी, साधारण १२ ते २४ तास, आणि नंतरच कॉम्प्रेसर चालू करावा. खर्च कॉम्प्रेसरमागे जास्तीत जास्त १७ रुपये. न केल्यास नवा कॉम्प्रेसर, नवे तेल, नवा गॅस आणि ऐन हंगामात बंद पडलेले पॅकहाऊस.

वीज गेली तर?

तास-अर्ध्या तासाने फारसे बिघडत नाही, कारण गरम तेल लगेच थंड होत नाही. वीज रात्रभर गेली तर गोष्ट वेगळी. ती येताच हीटर आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी सुरू होण्याची जोडणी असेल, तर हीटर असूनही उपयोग नाही. अशा ठिकाणी ऑटो स्टार्ट बंद ठेवून आधी तेल तापू द्यावे. दूध आत असेल तर थांबणे परवडत नाही, हेही खरे. म्हणून जनरेटर असलेल्या केंद्रात हीटरची तार जनरेटरवर घेणे शहाणपणाचे. ७० वॉटचा भार जनरेटरला जाणवणारही नाही.

प्रत्येक वेळी दोष हीटरचाच का?

नाही. एक फेज जाणे, कमी व्होल्टेज, धुळीने भरलेला कंडेन्सर, कमी-जास्त भरलेला गॅस ही कारणेही तितकीच खरी आहेत. यंत्र चालू असताना द्रव गॅस परत येत असेल, तर दुरुस्ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हची करावी लागते, हीटर तिथे कामाचा नाही. पण बाकीच्या कारणांचा शोध घेतला जातो, हीटरचा घेतला जात नाही. नवा कॉम्प्रेसर बसतो, जुन्या हीटरची तुटलेली तार तशीच राहते आणि पुढच्या थंडीत नवाही जातो.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट, हीटरला मेन स्विचच्या आधीून स्वतंत्र एमसीबी आणि एक छोटा दिवा द्यावा. दिवा पेटलेला दिसला की वीज पोहोचते आहे, हे कोणालाही कळते. त्या एमसीबीवर मराठीत ठळक पाटी हवी : ‘हीटर. यंत्र बंद असले तरी हा बंद करू नये.’

दुसरी, तपासणी. यंत्र काही तास बंद असताना क्लॅम्प मीटरवर ७० वॉटच्या हीटरला सुमारे ०.३ अँपिअर दिसायला हवेत आणि कॉम्प्रेसरचे बूड कोमट लागायला हवे. पट्टा सैल असेल किंवा तेलाच्या पातळीच्या वर सरकला असेल, तर वीज जाते पण तेल तापत नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे, मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

तिसरी गोष्ट सरकार आणि संस्थांच्या हातात आहे. पॅकहाऊस, प्रीकूलिंग आणि शीतगृहांना एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून अनुदान मिळते. ते देताना खोलीची क्षमता आणि पॅनेलची जाडी पाहिली जाते, तशी हीटरची स्वतंत्र जोडणीही पाहावी. दूध संघांनी बल्क कूलरच्या देखभाल करारात ‘हीटर चालू आहे का’ हा रकाना ठेवावा. कॉम्प्रेसर जळाल्यावर अहवाल मागणाऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा.

सातारा-कराड दरम्यान महामार्गावरील अतीतमध्ये कॉम्प्रेसर तयार होतात. किर्लोस्कर कोपलँड म्हणून ओळखला गेलेला, पुढे इमर्सनकडे गेलेला हा उद्योग आता कोपलँड याच नावाने चालतो. म्हणजे या भागाला कॉम्प्रेसर नवा नाही आणि तो जाणणारी माणसेही इथेच आहेत. कमी आहे ती ही माहिती बल्क कूलरच्या स्विचपर्यंत पोहोचण्याची. तो स्विच रोज ज्याच्या हातात असतो, त्या केंद्रचालकाला हे एकदा नीट समजावून सांगायला अर्धा तास पुरतो. पुढची थंडी येण्याआधी तेवढा वेळ काढायला हवा.