ऑपरेशन छान झाले, पण परवानगी कोणाची होती?

डॉक्टरवर केस झाली म्हटले की आपल्याला एकच शब्द आठवतो: निष्काळजीपणा. पोटात कापूस राहिला, चुकीचे इंजेक्शन दिले, निदानाला उशीर झाला. पण दिवाणी कायद्यात आणखी एक प्रकार आहे. त्यात डॉक्टरच्या हातून काहीही चुकलेले नसते, ऑपरेशन उत्तम होते, टाके छान भरतात, आणि तरीही डॉक्टर दोषी ठरतो. हा प्रकार पेशंटना माहीत नसतो आणि, खरे सांगायचे तर, आम्हा डॉक्टरांपैकी अनेकांनाही तो नीट माहीत नसतो.

अपकृत्य म्हणजे काय?

एखाद्याने दुसऱ्याच्या हक्काला धक्का लावला आणि त्याबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येत असेल, तर त्या कृत्याला कायद्यात ‘अपकृत्य’ म्हणतात. वकील मंडळी ‘टॉर्ट’ हा इंग्रजी शब्दच वापरतात. फौजदारी खटल्यात आरोपीला शिक्षा होते. इथे ज्याला त्रास झाला तो स्वतः भरपाई मागतो.

अपकृत्याचे दोन मोठे गट आहेत. घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा. जाणूनबुजून केलेली कृती असेल, तर ते हेतुपुरस्सर अपकृत्य. ‘हेतुपुरस्सर’ या शब्दामुळे गोंधळ होतो. इथे हेतू वाईट असावा लागत नाही. ती कृती करायचीच होती का, एवढेच पाहिले जाते. सर्जन चुकून चिरा देत नाही, ठरवून देतो. तो चिरा आणि चाकूचा वार यांत कायद्याच्या दृष्टीने फरक करते ती पेशंटची संमती. संमतीशिवाय दुसऱ्याच्या शरीराला हात लावणे याला कायद्यात ‘बॅटरी’ असे नाव आहे. टॉर्चमधली नव्हे, मारझोडीच्या अर्थाची!

कान, गाठ आणि गर्भाशय

१९०५ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एक खटला गाजला. बाईने उजव्या कानाच्या ऑपरेशनला होकार दिला होता. भूल दिल्यावर डॉक्टरला डावा कान जास्त खराब दिसला, म्हणून त्याने त्या कानाचे ऑपरेशन केले, आणि तेही कौशल्याने. न्यायालय म्हणाले, त्या कानाची परवानगी नव्हती, म्हणून ही बॅटरीच.

१९१४ साली न्यूयॉर्कच्या खटल्यात पेशंटने भुलेखाली फक्त तपासणीला होकार दिला होता, पण गाठच काढली गेली. जबाबदारीच्या दुसऱ्या एका मुद्द्यावर रुग्णालय त्यातून सुटले. पण न्यायमूर्ती कार्डोझो यांनी मांडलेले तत्त्व टिकले: सज्ञान आणि शुद्ध मनाच्या माणसाच्या शरीराचे काय करायचे, हे ठरवण्याचा हक्क त्याचाच आहे.

आता आपल्याकडचा खटला. दिल्लीत १९९५ साली ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी डॉक्टरकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी तिला भूल दिली गेली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय, दोन्ही बीजांडकोष आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या गेल्या. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तिची तक्रार फेटाळली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट सांगितले, की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. पेशंट सज्ञान होती, काही वेळात शुद्धीवर येणार होती आणि जिवावरचा प्रसंग नव्हता. अशा वेळी आईची संमती चालत नाही. शुद्धीवर येईपर्यंत थांबल्यास जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल, तेव्हाच डॉक्टरने संमतीवाचून पुढे जावे.

आपल्याकडे ‘घरच्यांना विचारले ना, मग झाले’ असे सर्रास चालते. बायकोच्या ऑपरेशनवर नवऱ्याची सही, म्हाताऱ्या वडिलांच्या ऑपरेशनवर मुलाची. नातेवाइकांना विश्वासात घेणे चांगलेच, पण शुद्धीवर असलेल्या पेशंटच्या जागी त्यांनी सही करणे ही संमती होत नाही.

भरपाई किती?

त्या स्त्रीने २५ लाख रुपये मागितले होते. मिळाले २५ हजार, आणि डॉक्टरला ऑपरेशनची फी नाकारण्यात आली. डॉक्टरने पेशंटच्या भल्यासाठीच केले, हे न्यायालयाने लक्षात घेतले. याउलट २०१३ साली, निष्काळजीपणामुळे झालेल्या एका मृत्यूच्या खटल्यात, याच न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपये आणि व्याज देववले.

एवढा फरक का? कारण भरपाईचा मुख्य उद्देश झालेले नुकसान भरून काढणे हा असतो: उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, वेदना. हक्क मोडला पण नुकसान फारसे नाही, तर नाममात्र भरपाई मिळते. वागणूक फारच उद्दाम असेल, तर धडा शिकवण्यासाठी जास्त रक्कम लावता येते, पण ते क्वचित घडते. माझ्या मते २५ हजार ही रक्कम फारच कमी होती. न विचारता अवयव काढणे इतके स्वस्त असेल, तर संमती हा निव्वळ कागद उरतो.

शरीरासारखेच नाव

जाणूनबुजून केलेले दुसरे अपकृत्य म्हणजे बदनामी. एखाद्याची प्रतिष्ठा कमी करणारे खोटे विधान तिसऱ्या माणसापर्यंत पोचवले, की ती बदनामी. दिवाणी दाव्यात ‘मी खरे तेच बोललो’ हा पूर्ण बचाव आहे. दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हाही आहे. तिथे मात्र विधान खरे असून भागत नाही, ते लोकहितासाठी केलेले असावे लागते.

समजा, एखाद्या पेशंटने इंटरनेटवर लिहिले, ‘मला न विचारता माझे ऑपरेशन केले’, आणि ते कागदपत्रांनी सिद्ध होत असेल, तर दिवाणी दाव्यात डॉक्टरचे काही चालणार नाही. ‘हा डॉक्टर किडन्या विकतो’ असे पुराव्याशिवाय लिहिले, तर मात्र लिहिणारा अडकतो. म्हणून पेशंटनी घडले तेवढेच लिहावे. आणि आम्ही डॉक्टरांनी प्रत्येक नाराज पेशंटला वकिलाची नोटीस पाठवू नये. खऱ्या तक्रारीचे तोंड बंद करण्यासाठी हा कायदा नाही.

आमचीही जीभ सैल असते, हे विसरू नये. ‘अमक्याला एचआयव्ही आहे’ असे लॅबमधल्या कुणी गावात सांगितले आणि ते खोटे निघाले, तर ती बदनामी. खरे असले, तर बदनामीचा दावा टिकणार नाही, पण गोपनीयतेचा भंग झालाच. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने अशी माहिती उघड करण्यावर बंदी घातली आहे.

सही करण्यापूर्वी हे विचारा

• नेमके काय करणार आहात? फक्त तपासणी, की उपचारही?
• तपासणीत काही सापडले, तर लगेच काढणार, की आधी मला विचारणार?
• दुसरा उपाय आहे का? मोठे धोके कोणते?
• ऑपरेशन केले नाही, तर काय होईल?

तपासणी आणि उपचार या दोन्हींची संमती एकत्र देता येते, पण ती समजून दिलेली हवी. अॅडमिशन काउंटरवर सहीसाठी पुढे सरकवलेला कोरा फॉर्म भरून मागा, वाचा, मगच सही करा. तरीही तक्रार करायची वेळ आलीच, तर ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगेन: पेशंटला समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात. ती वाचवण्यासाठी त्याचा हक्क पणाला लावू नका. काढलेले गर्भाशय कोणतीही भरपाई परत बसवू शकत नाही.